पाण्याची पायरी

वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदीच्या काठाने वर जाऊ लागले की तेविसाव्या मैलाच्या अलीकडे, सेनेका नावाचा ओढा नदीला मिळतो तिथे, चेसापीक-ओहायो या जुन्या नौकावाहतुकीच्या कालव्याचे २४ क्रमांकाचे लॉक, म्हणजे नावा चढवण्या-उतरवण्याचे दगडी कुंड, लागते. रायलीज लॉक हे त्याचे रूढ नाव. मेरीलँडमधली आम्ही मराठी मंडळी सुटीच्या दिवशी सायकली घेऊन इकडे येतो तेव्हा बहुतेकांचे लक्ष नदीकडे असते. माझी नजर मात्र त्या तांबड्या दगडी भिंतींवरच रेंगाळते. हा दगड याच परिसरातल्या खाणीतला असून राजधानीतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या किल्लेवजा इमारतीलाही तोच वापरला आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि उघड्यावर राहून हळूहळू टणक होतो, त्यामुळे पाथरवटांच्या छिन्नीचे तिरपे घाव त्यावर अजून बोटाला लागतात.

लॉक म्हणजे नावेसाठी बांधलेली पाण्याची पायरी होय. कालव्याचे वरचे टोक असलेल्या कंबरलँड गावापर्यंतच्या १८४ मैलांत अशा ७४ पायऱ्या मिळून ६०५ फुटांची चढण पार होई. नाव आत आली की मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजांतल्या तळाकडच्या झडपा उघडायच्या आणि पाणी चढेल तशी नाव वर येऊ द्यायची. ना पंप, ना इंजिन. दरवाजाचे दोन पल्ले वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणून पाण्याचा दाब जितका अधिक तितके ते घट्ट बसतात. ज्याला अडवायचे त्याच्याकडूनच दार लावून घेण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते. लॉक १५ फूट रुंद आणि कोळशाने भरलेली नाव साडेचौदा फूट, तेव्हा सुकाणू धरणाऱ्याचा हात किती सराईत असला पाहिजे!

नाव ओढणाऱ्या खेचरांची एक जोडी वाटेवर चाले आणि दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घेई. बरोबर चालण्याचे काम पुष्कळदा नावाड्याच्या मुलांकडे असे, हे ऐकून कौतुकापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटते.

कालव्याची पहिली कुदळ ४ जुलै १८२८ रोजी पडली आणि नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचेही काम सुरू झाले. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली, कालव्याला १८५० उजाडले. पुढे १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली, आणि काही वर्षांनी येथून मोटाररस्ता काढण्याची टूम निघाली. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये रस्त्याची बाजू घेणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राच्या संपादकांनाच सबंध कालवा पायी चालण्याचे आव्हान दिले. रस्ता बारगळला, मात्र ही वाट अखेरपर्यंत चालणारे डग्लस धरून नऊच जण निघाले, आणि बाकीच्यांना मी तरी नावे ठेवणार नाही, कारण मी सायकलवर येतो.