८३ फेरे, आणि बर्नस्टाईनची जाहीर माफी

मागच्या अपडेटमधे कंडक्टर बर्नस्टाईन बीथोवनची पाचवी सिम्फनी किती संथ घेतो यावर मी जे ज्ञान पाजळलं होतं ना, ते सगळं वापस घेतो. संथ तो आहेच थोडा, पण एवढा नाही. खोट माझ्या टर्नटेबलात होती.

झालं असं, आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका चहाला आले होते आणि मी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची तीच एलपी लावली होती (यांच्या पहिल्या कॉन्सर्टची सुरुवातच पाचवीनं, ७ डिसेंबर १८४२, म्हणून या ऑर्केस्ट्राच्या तबकड्या ऐकायची माझी रांगही तिच्यापासून). पहिले चार ठोके ऐकले आन् काका म्हणे, "काहून रे, हे पांढरी तीनमधून वाजून रायलं, तीनच्याही जराशी खालीच." आता पाचवी सी मायनरमधली, तिचा पहिला सूर जी, म्हणजे पेटीची पांढरी पाच पाहिजे! काका गेल्यावर प्लॅटरवर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावून फेरे मोजत बसलो. एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, हिशोब सोपा, ३ मिनिटांत १००. माझे भरले ८३. तीनदा मोजले, ८३च. स्ट्रोब डिस्क (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली हिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) आधीच आणून ठेवली होती पण घरात सगळे एलईडी, तिच्या रेघा काही थांबून दिसतच नव्हत्या.

दोन महिने कशाकशाला शिव्या घातल्या, रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते त्याला, आयडलरच्या (मोटरची पुली आणि प्लॅटर यांच्यामधलं चाक) दगड झालेल्या रबराला, मोटरच्या तेलाला. मशीन अमेरिकेहून आलेली, नागपुरात भंगारात मिळालेली. ११० चा स्टेपडाऊन लावला की झालं असं समजलो, पण राजेहो, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल (विजेची सेकंदाची आवर्तनं) नाही, आणि मोटरचा वेग सायकलवर ठरतो. तिकडं ६०, आपल्याकडं ५०. शंभराचे सहा भाग करा, पाच ठेवा, आले ८३.

मग पुलीच जाड करायची. पुलीला प्रत्येक वेगाची वेगळी पायरी असते, ३३ ची व्हर्निअरनं ५ मिमी भरली, पाहिजे ६. आयडलरचा व्यास हिशोबात येतच नाही, पुली आणि प्लॅटरची आतली रिम एवढंच पाहायचं. म्हणजे अर्धा मिमी जाडीची पितळी स्लीव्ह. थ्रेशरचे बुश करणारा लेथवाला हसला, म्हणे भाऊ हे तं पेनाचं टोपण झालं. त्याचा हिशोब सुतात, माझा पॉइंट झिरोत. पहिली स्लीव्ह एका बाजूला जाड निघाली, सगळी व्हायोलिनं पाळण्यात बसल्यासारखी झुलायला लागली. दुसरी त्यानं मोटरचा शाफ्टच मागवून त्यावर चढवूनच घासली, आणि शंभरावा फेरा ३ मिनिटं १ सेकंदाला! रबर थोडं घसरत असेल, चालते. ऑनलाईन रेडीमेड पुल्या मिळतात, पण भाव ऐकून मी फोन ठेवला.

काकांना परत बोलावलं. पांढरी पाच. मान डोलावली. मी सांगितलं की १९०९ पर्यंत हा ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्यांच्याच मालकीचा होता, कंडक्टर मतदानानं ठरायचा, सीझनअखेर उरलेला पैसा वाटून घ्यायचे, मग धनिकांनी कारभार हाती घेतला आणि महलर कंडक्टर म्हणून आला. काका म्हणे, "म्हणजे आपल्या मंडळासारखंच, फक्त आपल्याकडं काही उरत नाही."

आता बर्नस्टाईननंतर झुबीन मेहतांकडं, १९७८ ते ९१, असा प्लान होता. पण याच ऑर्केस्ट्राचा जुना कंडक्टर टोस्कानिनी याच्या १९३६ च्या बीथोवनच्या सातवीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मिळायची बोलणी चालू आहेत, आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की स्लीव्ह फक्त वरच्या पायरीवर बसते, ७८ अजूनही साठ-पासष्टवरच फिरणार. त्यापेक्षा छोट्या अॅम्प्लिफायरमधून ६० सायकलची साइन वेव्ह (मोटरला लागते तशी वीज) काढायची, ट्रान्सफॉर्मर उलटा लावून ११० करायचे, मोटर कितीशी खाते? सगळे स्पीड एकदमच सुटतील. कुणी केलं असेल तर वॅटचा हिशोब सांगा.

मग स्लीव्ह काढावी लागेल. लेथवाल्याला अजून सांगितलं नाही.