सहा एल

"माझा कीबोर्ड बदलून देशील का? एल अडकतोय," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. तिला सर्व्हरवर क्योल्न या शहराच्या नावाचं फोल्डर करायचं होतं, तेही जर्मन स्पेलिंगने, ओवर दोन टिंबं देऊन. टिंबांचा ओ उमटतच नव्हता आणि त्याच्या पुढचा एल सहा वेळा पडत होता.

दुसरा कीबोर्ड लावला. तेच. तिच्या स्वतःच्या मशीनवरच्या टर्मिनलमध्ये मात्र ओ झकास आला. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) सर्व्हरवर जाऊन नुसतं कॅट (टाइप केलेलं तसंच परत दाखवणारी कमांड) चालवलं, तिथेही आला. घोळ फक्त बॅशच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या शेलच्या, प्रॉम्प्टवर होता. मग ओ दाबला आणि हात मागे घेतला. प्रॉम्प्ट गायब, त्या जागी कंसात 'आर्ग: ६'. इतका वेळ आम्ही इतकं भरभर टाइप करत होतो की हे दिसलंच नव्हतं.

कागद घेतला. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) हा ओ दोन बाइटचा: हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, सी३ आणि बी६. लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) साधं 'सी', म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं जाणणारं, असेल तर बॅशची ओळ सांभाळणारी रीडलाइन बाइटच्या आठव्या बिटला मेटा-की (ऑल्टसारखी जोडीने दाबायची की) समजते. तो बिट काढते आणि आधी एस्केप लावते. (जुन्या टर्मिनलांवर मेटा-की खरोखरच आठवा बिट पाठवायची, त्यामुळे हा वेडेपणा नाही, वारसा आहे.) सी३ चे झाले ४३, म्हणजे आस्कीतला (इंग्रजी अक्षरांच्या जुन्या कोडातला) कॅपिटल सी. बी६ चे ३६, म्हणजे आकडा ६. एस्केप-सी म्हणजे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं कर. पुढे शब्दच नव्हता. एस्केप-६ म्हणजे पुढची की सहा वेळा. बिचारा एल हुकूम पाळत होता!

मी घाईने इनपुटआरसीत (रीडलाइनच्या सेटिंगच्या फाइलीत) आठवा बिट काढायला लावणारं कन्व्हर्ट-मेटा बंद केलं, इनपुट-मेटा आणि आउटपुट-मेटा चालू केलं. ओ दिसला. पण बॅकस्पेस मारला की अर्धाच पुसला जाई, दुसरा बाइट तसाच लोंबकळत राही. हे मलमपट्टीचं काम होतं.

'लोकेल -ए' ही कमांड देऊन सर्व्हरवर कुठली लोकेलं आहेत ते विचारलं, तर यादीत फक्त सी आणि त्याचंच दुसरं नाव पॉझिक्स. एसएसएच तिच्या मशीनचं लोकेल सोबत नेत होतं, पण सर्व्हरवर ते तयारच केलेलं नव्हतं. यूटीएफ-८ समजणारं तयार लोकेल, सी.यूटीएफ-८, मूळ जीलिबसीत (लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीत) २०२२ साली, २.३५ या आवृत्तीत आलं. आमचा सर्व्हर त्याआधीचा. लॉगिन केलं की लोकेल बदलता येत नसल्याची एक ओळ रोज यायची. मी रोज ती बघून सोडून देत होतो, हे तिला सांगितलं नाही.

लोकेल तयार केलं, इनपुटआरसीतली मलमपट्टी काढली, पुन्हा लॉगिन केलं. फोल्डर झालं. सकाळी तिने वैतागून एंटर मारलेलं सहा एलचं फोल्डरही तिथेच होतं. ते काढायला ती एकेक एल मोजून टाइप करू लागली.

"अगं, टॅब दाब," मी म्हणालो.