बँडोनियन कॉन्सर्टोचे पार्ट्स भाड्याने आणताना: माझा अनुभव

परदेशातल्या हौशी ऑर्केस्ट्रात कुणाला पिआझोला (अर्जेंटिनाचा टँगो-संगीतकार) वाजवायचा असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय. आणि खरं सांगायचं तर डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणूनही लिहितेय.

मी ड्युसेलडॉर्फला राहते, व्हायोला वाजवते आणि आमच्या ऑर्केस्ट्राची नोटनवार्ट आहे, म्हणजे पार्ट्स (प्रत्येक वाद्याची नोटेशनची वेगळी पानं) मागवायचे, वाटायचे, गोळा करायचे आणि काही हरवलं की बोलणी खायची. यंदा ठरलं की ब्राम्स पुरे, टँगो घेऊ. पिआझोलाचा १९७९चा बँडोनियन कॉन्सर्टो (बँडोनियन म्हणजे टँगोतलं भात्याचं, बटणांचं वाद्य; कॉन्सर्टो म्हणजे एका सोलो वाद्यासाठी ऑर्केस्ट्रासह लिहिलेली रचना), ज्याला सगळे 'आकोंकाग्वा' म्हणतात (हे नाव त्याचं नाही, तो गेल्यावर प्रकाशकाने चिकटवलं). सोलोइस्ट रॉटरडॅमचा मिळाला, तिथे टँगो रीतसर कॉलेजात शिकवतात. हॉल म्हणजे चर्च, तेही मिळालं. या कॉन्सर्टोत स्ट्रिंग्ज, हार्प, पियानो, टिंपनी आणि पर्कशन एवढंच आहे, त्यामुळे फ्लूट-क्लॅरिनेटवाले फुगून बसले, मग त्यांच्यासाठी कुर्ट वाइलची 'थ्रीपेनी ऑपेरा'मधली फुंकवाद्यांची सुइट घेतली, तिच्यातही टँगो आहे. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग आला फॉर्म.

पिआझोला १९९२ला गेला, म्हणजे जर्मनीत २०६२ संपेपर्यंत कॉपीराइट शाबूत. या कॉन्सर्टोचे पार्ट्स भाड्यानेच घ्यायचे, त्यासाठी एजन्सीचा ऑनलाइन फॉर्म. व्हायोलिन किती, चेलो किती, हॉलमध्ये खुर्च्या किती, कार्यक्रम किती, सगळं भरलं. आणि एक रकाना: 'सर्वात महाग तिकीट'. आता इथले हौशी ऑर्केस्ट्रा चर्चमध्ये वाजवतात तेव्हा बरेचदा तिकीट नसतंच, प्रवेश मोफत, जाताना दाराशी टोपलीत ज्याला जे वाटेल ते टाकावं. म्हणून मी शून्य लिहिलं. फॉर्म लाल झाला. रिकामं ठेवलं, परत लाल. एक युरो टाकून बघितला तर फॉर्म गेला, पण उत्तर आलं की तिकीट असलेला कार्यक्रम आहे तर अंदाजित विक्री कळवा. मी कळवलं की विक्री नाही, टोपली आहे. त्यावर उत्तर, मग फॉर्म नव्याने भरा. नव्याने भरला की परत तोच लाल रकाना!

मेलला उत्तर देणारा माणूस दर वेळी वेगळा, आणि प्रत्येकाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. मध्येच एकाने शोध लावला की आमच्या देशाचं काम दुसरी शाखा बघते. त्या शाखेने दिवस घालवून सांगितलं की नाही, पहिलीच बघते. ही टोलवाटोलवी चालू असताना तालमीची तारीख जवळ येत होती आणि कंडक्टर दर बुधवारी विचारायचा, नोट्स आल्या का, जसं काही मीच उशीखाली घेऊन झोपलेय. वरून भाड्याची ठरलेली मुदत काही आठवड्यांची. प्रोफेशनल ऑर्केस्ट्राला चार दिवस तालीम पुरते हो, आम्ही आठवड्यातून एकदा भेटतो, निम्मे लोक ऑफिसातून उशिरा येतात, आम्हाला महिने लागतात आणि प्रत्येक जादा महिन्याचे वेगळे पैसे. हे फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेलं नाही, कोटेशन आल्यावर कळतं. म्हणून मुदतीचं आधीच विचारून घ्या, फोनवर नको, लेखी.

फॉर्म अडकला होता त्या काळात मी प्रोग्रॅम नोट लिहून टाकली, तेवढाच विरंगुळा. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. स्ट्राविन्स्कीने १९१८च्या 'सोल्जर्स टेल'मध्ये टँगो घातला, श्निटकेने १९७७च्या पहिल्या कॉन्चेर्तो ग्रोसोत घातला, पण या लोकांकडे टँगो पाहुणा म्हणून येतो, चार घटका बसतो आणि जातो. पिआझोला उलट्या बाजूने आला, टँगोच्या बँडमधून, हातात बँडोनियन घेऊन. १९५३ला ब्युनोस आयर्सच्या लॉ फॅकल्टीत त्याची सिंफनिक रचना झाली तेव्हा ऑर्केस्ट्रात दोन बँडोनियन दिसले म्हणून श्रोत्यांत मारामारी झाली होती. आमच्या कमिटीतले एक आजोबा 'हे कॅफेतलं संगीत' म्हणून नाक मुरडत होते, त्यांना मी हा किस्सा मुद्दाम दोनदा ऐकवला. १९८३ला हाच कॉन्सर्टो त्याने तेआत्रो कोलोनमध्ये वाजवला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मानाच्या ऑपेरा हाउसात. गंमत म्हणजे बँडोनियन मूळचं इकडचंच, क्रेफेल्डच्या हाइन्रिख बांडच्या नावावरून नाव पडलं, आणि क्रेफेल्ड आमच्यापासून लोकल ट्रेनच्या अंतरावर!

सुटका कशी झाली? कंटाळून हिशेब विभागाला फोन लावला. एका बाईंनी उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, थांबा, माझ्या स्क्रीनवर 'देणगी' असा पर्याय आहे, तो बाहेरच्या फॉर्मवर दिसतच नाही. टिचकी मारली आणि झालं. मला हसावं की रडावं कळेना, पण त्या बाईंना मनापासून धन्यवाद दिले. तेव्हा मेलामेली करत बसू नका, बिल काढणाऱ्या माणसाला गाठा, त्याला पैसे हवे असतात त्यामुळे तो मार्ग काढतो.

पार्ट्स आले, आधीच्या कुणाच्या तरी पेन्सिलच्या बो-खुणांसकट (बो म्हणजे गज). पहिली तालीम गचाळ झाली. कागदावर एका मापात आठ क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचे सूर) असतात, केहरव्याच्या मात्रांइतकेच, पण चार-चार न तोडता तीन-तीन-दोन वजन द्यायचं, आणि आम्ही सगळे इमानदारीत चार-चार मोजणारे. सोलोइस्ट आल्यावर त्याने बासवाल्यांना सांगितलं की ठोक्यावर येऊ नका, ठोक्याच्या जरा आधीपासून सूर ओढत आणा. याला टँगोवाले आरास्त्रे म्हणतात. बासवाल्यांनी तसं केलं आणि पूर्ण खोली पुढे सरकल्यासारखी वाटली, हे कागदावर कुठेही नाही. मग त्याने शेजारचं व्हायोलिन मागून घेतलं आणि बो ब्रिजच्या पलीकडे, तारेला दोरा गुंडाळलेला असतो तिथे, मुठीजवळच्या भागाने खरखरवून दाखवला. हा आवाज म्हणजे चिचारा. या कॉन्सर्टोत तो लागत नाही, तरी मधल्या सुट्टीत सगळे तेच करत बसले.

हां, माइकचं राहिलं. बँडोनियनला ७१ बटणं आणि केवढा तरी लांब भाता असला तरी चर्चमध्ये अख्ख्या स्ट्रिंग्जपुढे तो दबतो, माइक आणि स्टँडचा खर्च बजेटमध्ये धरा. एन्कोर वाजवणार असाल तर तोही नंतर गेमाला (संगीताच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी जर्मन संस्था) द्यायच्या यादीत लिहावा लागतो, आम्ही 'लिबरटँगो' वाजवला, लिहिला. आणि तालमीत पेन मना करा, परत देताना खोडरबर घेऊन बसायला दोन-तीन माणसं लागतात.

कुरियर ट्रॅकिंगवालंच करा. आमच्या सेकंड व्हायोलिनचा एक पार्ट परत मिळालाच नाही असं एजन्सीचं म्हणणं आहे, माझ्याकडे त्यांच्याच सहीचा कागद आहे, आणि तक्रारीसाठी अर्थातच एक ऑनलाइन फॉर्म आहे.