आमची वाटचाल : हेडसेट आणि कॅनॉपीमधली चार बोटं

माझी उंची १९३ सेंटीमीटर. स्वतःचं किट-विमान, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचं छोटं विमान, बांधायला घेतलं तेव्हा रिव्हेटपासून वायरिंगपर्यंत सगळ्याचा अभ्यास केला होता. मी त्यात मावणार का, हे मात्र कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, बसवली त्या दिवशी कळलं. झाकण ओढलं आणि हेडसेटची पट्टी काचेला टेकली. मान तिरकी केल्याशिवाय कडी लागेना. हवेत एक जरी धक्का बसला असता, तरी डोकं थेट काचेवर आदळलं असतं.

आमच्या कामाची सुरुवात त्या दिवसापासूनची. उंच वैमानिकाला मावेल अशी बैठक, म्हणजे आसन, बेतून द्यायचं हे आमचं काम. आधी स्वतःची बैठक केली, मग ओळखीतल्या दोघा-तिघा उंच वैमानिकांच्या केल्या. गाड्यांच्या सीट शिवण्यात हात बसलेले एक कारागीर सोबत आले आणि शेडच्या एका कोपऱ्यात शिवणयंत्र लागलं. आज आम्ही पाच जण आहोत.

पहिला धडा फोमने दिला. मूळ उशी आठ सेंटीमीटर जाड होती, म्हणून आम्ही ती निम्मी केली. चार सेंटीमीटर जागा मिळेल असा हिशोब होता, पण डोकं जेमतेम एक सेंटीमीटर खाली आलं. मऊ फोम माझ्या वजनाखाली आधीच दबून तळाला टेकलेला होता. आम्ही कापला तो नुसता फुगवटा. तेव्हापासून उशीची जाडी आम्ही मोकळी मोजत नाही. माणूस वीस मिनिटं बसला, फोम अंगाच्या उबेने सैलावला, की मगच माप घ्यायचं.

गुबगुबीत उशीबद्दल इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण मागणी अजूनही तिचीच येते. विमान जोरात खाली आपटलं तर तळ जागीच थांबतो, पण माणूस मऊ फोममधून खाली जातच राहतो. फोम संपतो तेव्हा तो तळावर जास्त वेगाने आदळतो आणि तो मार कण्याला बसतो. अमेरिकी नियमांत प्रमाणित विमानांच्या आसनांची धडक-चाचणी होते. तीत कण्याच्या खालच्या भागावरचा दाब १,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ६८० किलोंच्या वर जाऊ द्यायचा नसतो. हौशी बांधणीच्या विमानाला अशी चाचणी सहसा लागत नाही, त्यामुळे आमची जबाबदारी वाढते असं मी मानतो. आम्ही मेमरी फोमच्या जातीतला, पण विमानाच्या आसनांसाठी बनवलेला घट्ट फोम वापरतो. हळू दाबला तर तो अंगाचा आकार घेतो, झटका बसला तर ताठ राहतो. थंडीत तो दगडासारखा लागतो. तसं आम्ही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हिवाळ्यातल्या पहिल्याच सकाळी तक्रार येते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका वैमानिकाचे गुडघे समोरच्या उपकरणांच्या पॅनेलला लागत होते, म्हणून आम्ही त्यांच्या आसनाची पाठ चार सेंटीमीटर मागे सरकवली. ते खूश झाले आणि आम्हीही. गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमानाचं सगळं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं त्याचा, हिशोब केला तो नंतर. ९५ किलोंचा माणूस चार सेंटीमीटर मागे गेला, की ६०० किलोंच्या विमानाचा गुरुत्वमध्य सहा मिलिमीटरहून जास्त मागे जातो. एरवी ते चाललं असतं. पण त्यांच्या विमानात सामान मागे आणि इंधनाची टाकी पुढे होती. टाकी रिकामी होत आली की विमानाचा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेबाहेर जात होता. त्यांना फोन करून उड्डाण थांबवायला सांगितलं, पाठ परत पुढे घेतली आणि जागा पायाखालची पॅडल पुढे सरकवून काढली. ते काम आम्ही मोफत केलं. आता वजनाचा तक्ता हाती आल्याशिवाय आम्ही कात्री उचलत नाही.

लोक फोनवर आपली उंची सांगतात. ती मला फारशी उपयोगाची नसते. सारख्या उंचीची दोन माणसं बसली की एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर वर असू शकतं. एकाचं धड लांब, दुसऱ्याच्या मांड्या. म्हणून आम्ही माणसाला त्याच्याच विमानात बसवतो. पायात नेहमीचे बूट, डोक्यावर हेडसेट, बेल्ट आवळलेला. मग हेडसेट आणि काच यांच्यामध्ये मी माझी चार बोटं आडवी घालतो. ती सहज फिरली पाहिजेत. त्यानंतर स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, दोन्ही बाजूंना पूर्ण टोकापर्यंत न्यायला सांगतो, कारण लांब मांड्यांना ती अडते आणि एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखावरची हलती फळी, अर्धंच फिरतं. मोठ्या बुटाचं टोक नकळत ब्रेकवर पडतं का, तेही बघतो.

खांद्याचे पट्टे ही माझी कळकळीची गोष्ट आहे. ते मागे खांद्याच्या रेषेत किंवा थोडे वर अडकवलेले हवेत. वर ३० अंशांपर्यंत, खाली फार तर ५ अंश. उंच माणसाचे खांदे वर जातात, पट्टा अडकवलेली खुंटी मात्र जागेवरच राहते. मग धडकेत पट्टा त्याला धरण्याऐवजी खाली दाबतो. पाठ जास्त कलती करून डोक्याला जागा काढता येते, पण ढुंगण पुढे सरकतं, गुडघे पॅनेलकडे जातात आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. म्हणून कलती बैठक आम्ही बेतानेच देतो. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानात माणूस असाच रेलून बसतो, पण तिथे अख्खं विमानच त्या बैठकीभोवती आखलेलं आहे. किट-विमानं बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीने आरव्ही-४ नंतर आरव्ही-८ हे विमान अधिक ऐसपैस केलं, तेही मुळापासून नव्या आराखड्यात. उशी आणि पॅडल यांनी सगळं साधत नाही. काहींना आम्ही सांगतो की हे किट तुमच्यासाठी नाही, दुसरं बघा. कागदावर निर्णय बदलता येतो तेव्हाच आमच्याकडे या, एवढी विनंती मी प्रत्येकाला करतो.

सध्या एका जोडप्याचं काम चालू आहे. विमान दोघांचं, ते १९० सेंटीमीटर, त्या १५८. नवऱ्यासाठी आसनाचा तळ खाली घेतला, तर बाईंना विमानाच्या नाकावरून धावपट्टी दिसेना. म्हणून त्यांना वेगळी घट्ट उशी करतोय, पट्ट्यांनी तळाला जखडलेली, म्हणजे ती सरकून पॅडलमध्ये जाणार नाही. परवा पुठ्ठ्याच्या थरांवर त्यांना बसवलं. तिसरा थर घातल्यावर त्या म्हणाल्या, "आता दिसतंय." त्या थरांची जाडी लिहून ठेवली आहे. फोम उद्या कापायचा आहे.