डार्बीच्या गोलाआधीची पेनल्टी

आयर्लंडमधल्या ऑफली काउंटीत, टलमोरला राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात शेमस डार्बी हे नाव मला पाठ झालं. मी नर्स आहे. वॉर्डात फुटबॉलचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून १९८२ वर येते. गेलिक फुटबॉलमध्ये, म्हणजे इथल्या हाता-पायांनी खेळायच्या फुटबॉलमध्ये, ऑफलीने ऑल-आयर्लंड विजेतेपद तीनदाच मिळवलंय: १९७१, १९७२ आणि १९८२. पहिल्या दोन्हींचा अभिमान आहेच, पण तिसऱ्याबद्दल बोलताना माणसांचे आवाज बदलतात.

त्या फायनलला समोर केरी काउंटी होती. मिक ओ'ड्वायर यांनी घडवलेली ती टीम १९७८ पासून सलग चार वर्षं जिंकत आली होती. सलग पाच तोवर कुणालाच जमलं नव्हतं, आणि केरी तेही करणार हे इतकं गृहीत होतं की टी-शर्टसुद्धा छापून झाले होते. १९८१ च्या फायनलला तर याच केरीने ऑफलीला हरवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी सेमीफायनलला मॅट कॉनरने एकट्याने २-९ केले, म्हणजे दोन गोल आणि नऊ पॉइंट, तरी ऑफली हरलीच. या खेळात गोलच्या आडव्या बारखालून जाळ्यात गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन. बारवरून गेला तर तेव्हा एक. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. हाक मी त्यांना नावानेच मारते, इथे तसंच चालतं, पण मनात ते आजोबाच. १९ सप्टेंबर १९८२ ला ते धाकट्या भावाबरोबर फायनलला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात होते. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे बसून त्या अख्ख्या मॅचचं रेकॉर्डिंग पाहिलं. उत्तरार्धात पाऊस धरला. आजोबा म्हणाले, कोटाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत गेलं होतं, ते घरी आल्यावर कळलं.

मग केरीला पेनल्टी मिळाली. मारायला मिकी शीही. १९७८ च्या फायनलला डब्लिनचा गोलरक्षक पॅडी कलन धावत मागे येईपर्यंत त्याच्या डोक्यावरून फ्री किक अलगद आत टाकणारा तोच हा. ऑफलीच्या गोलमध्ये मार्टिन फर्लाँग, १९७१ पासूनचा जुना गडी. आजोबांनी मान खाली घातली आणि टेबलावरच्या कपाकडे बघत बसले. चाळीस वर्षांहून जास्त झाली, निकाल ठाऊक आहे, तरी तो चेंडू मारताना ते बघत नाहीत. फर्लाँगने अडवला. "अडवला ना?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

माझं ठाम मत आहे की मॅच तिथे वाचली. नाव सगळे डार्बीचं घेतात, आणि घ्यावंच. पण ती पेनल्टी आत गेली असती, तर डार्बीचा गोल होऊनही ऑफली दोन पॉइंटांनी हरली असती.

त्यानंतर केरी चार पॉइंटांनी पुढे गेली. मॅट कॉनरने दोन फ्री किक बारवरून घातल्या. ओल्या मैदानात, ओल्या चेंडूने, एकामागून एक. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण त्या दोन नसत्या तर शेवटच्या गोलाने नुसती बरोबरीसुद्धा झाली नसती. हाच मॅट १९८४ च्या नाताळच्या दिवशी गाडीच्या अपघातात जखमी झाला आणि पुन्हा चालू शकला नाही. त्याचं नाव निघालं की इथे लोक क्षणभर गप्प होतात.

डार्बी बदली खेळाडू म्हणून आत आला होता. दोनेक मिनिटं उरली असताना लिअम कॉनरने उंच, लांब चेंडू टाकला. केरीचा टॉमी डॉइल झेपावला, पण मागून डार्बीने चेंडू धरला, वळला आणि मारला. जाळ्यात! ऑफली १-१५, केरी ०-१७. अठरा विरुद्ध सतरा.

डार्बीने डॉइलच्या पाठीला हात लावला होता का, हा वाद अजून मिटलेला नाही. माझी एक सहकारी केरीची आहे. तिच्या मते ढकललं, सरळसरळ. मी तो क्षण बऱ्याचदा पाहिला. हात लागतो असं मलाही वाटतं. आजोबांना हे मी सांगितलेलं नाही.

पण केरीबद्दल मनात आदरच आहे. अशा हरण्याने एखादी टीम मोडून पडली असती. यांनी १९८४, ८५, ८६ अशी पुन्हा सलग तीन विजेतेपदं मिळवली. १९७५ चं धरून बारा वर्षांत आठ! सलग पाचचा मान शेवटी २०१९ ला डब्लिनने मिळवला, तोही बरोबरीनंतर फायनल पुन्हा खेळून, केरीलाच हरवून.

मॅच संपली. पडद्यावर हिरव्या-पांढऱ्या-सोनेरी झेंड्यांनी मैदान भरून गेलं होतं. त्या गर्दीत भाऊ हरवला आणि तासाभराने बाहेर रस्त्यावर सापडला, तो रडत होता, आजोबा म्हणाले. भाऊ आता नाही. मग त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "पेनल्टी परत लाव," म्हणाले, "आणि अडवला की सांग."

मी लावली.