आईचं रात्रीचं जेवण

रविवारी ठाण्यात नौपाड्याला फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, जेवलीस का?" ती "हो गं" म्हणायची. बाबा गेल्यापासून त्या "हो"मध्ये चहा-खारीही धरली जाते, हे मला इथे न्यू जर्सीत बसून फार उशिरा कळलं. "एकटीसाठी कुठे कुकर लावू?" हे तिचं म्हणणं.

घाबरून मी ठाण्यातल्या एका आहारतज्ज्ञाकडे तीन महिन्यांचे पैसे भरले. तक्ता आला तो ओट्स, किन्वा आणि ॲव्होकाडोचा. आईने तो नीट घडी घालून ठेवून दिला.

इथल्या शेजारच्या आजींना मी अधूनमधून सीनियर सेंटरला सोडते. 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमुळे साठीपुढच्यांना अशा ठिकाणी दुपारचं जेवण मिळतं. पैसे ऐच्छिक, नाही दिले तरी ताट नाकारत नाहीत. आहाराची माहितीही तिथेच मिळते. ते बघून वाटलं, आईलाही तिच्या स्वयंपाकघराशी जुळणारं काहीतरी मिळायला हवं.

ते सापडलं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे. 2024 साली त्यांनी भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातलं एक खास वृद्धांसाठी आहे आणि पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. माझी प्रत इंग्रजी, म्हणून दर रविवारी मी एकेक पान मराठीत सांगते आणि आई वहीत उतरवते.

प्रथिनांचा हिशेब तिला सगळ्यात पटला. वजनाच्या दर किलोला दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे 54 किलोच्या आईला साधारण 45 ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅमची, दुधाचा पेलाही जवळपास तेवढाच. चहा-खारीतून किती मिळत असेल, हे तिने स्वतःच मांडून पाहिलं आणि गप्प झाली. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.) मीठ दिवसाला 5 ग्रॅमपर्यंत, म्हणजे लोणचं-पापडासकट जेमतेम एक छोटा चमचा. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून आता ओट्यावर तांब्या भरलेला असतो.

परवा ती जांभळी नाक्यावरून मटकी आणि नाचणी घेऊन आली. रात्री उसळ-भाकरी केली, शेजारच्या काकूंनाही जेवायला बोलावलं. फोनवर मी विचारायच्या आधीच म्हणाली, "जेवले. पुढचं पान वाच, काकूही ऐकतायत."