तुम्ही विचारलंत म्हणून: रील पाहून कुणी मत देतं का?

निवडणूक लागली की हा प्रश्न हमखास येतो. एखादी रील पाहून आपलं मत फिरवणारा माणूस विरळाच. पण कोण चर्चेत आहे, कशावर बोलायचं आणि उमेदवारानं कसं बोलायचं, हे आता रील ठरवायला लागली आहे. मला काळजी वाटते ती त्याची.

समजा, चाळीस मिनिटांच्या भाषणात उमेदवार म्हणाला, 'जर गळती निम्म्यावर आली आणि थकबाकी वसूल झाली, तर पाणीपट्टी वाढवावी लागणार नाही.' क्लिप कापणारा फ्रेम उभी करतो, नऊ बाय सोळा. पहिल्या दोन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबायला हवा, म्हणून वाक्याचं शेपूट पुढे आणतो: 'पाणीपट्टी वाढणार नाही!' बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे तेच शब्द ठळक अक्षरांत पडद्यावर येतात. बोलताना घेतलेल्या श्वासांच्या जागाही उडवतो. वीस-पंचवीस सेकंदांची क्लिप शेवटपर्यंत पाहिली जाते आणि आपोआप पुन्हा सुरू झाली की दुसऱ्यांदाही. एका वाक्याच्या पाच-सहा क्लिपा होतात, प्रत्येकीची सुरुवात वेगळी. संध्याकाळपर्यंत जी धावेल, तिच्यासारख्या आणखी काढायच्या.

या कापाकापीत 'जर' गेला. तिकडे विरोधकांनी त्याच भाषणातलं 'थकबाकी वसूल' एवढंच उचललं आणि उमेदवार लोकांच्या दारात वसुलीला येणार, अशी क्लिप सोडली. दोन्ही क्लिपांमध्ये आवाज खरा, चेहरा खरा. पुढे उमेदवारच शिकतो आणि व्यासपीठावरून अट बोलणंच सोडून देतो. हे नुकसान मला खोट्या व्हिडिओपेक्षा मोठं वाटतं, कारण ते पकडायला कुठलंही तंत्र उपयोगी पडत नाही.

कुणाला कुठला व्हिडिओ दाखवायचा हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमला खरं-खोटं कळत नाही. व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे जातो. त्यांनी किती सेकंद पाहिला, पुन्हा पाहिला का, पुढे पाठवला का, कॉमेंट केली का, यावर तो पुढे किती पसरणार ते ठरतं. रागाची कॉमेंटही त्याच्या लेखी कॉमेंटच. म्हणून खोट्या क्लिपखाली तावातावानं 'हे खोटं आहे' लिहिणारा तिला हातभारच लावतो. खोडून काढायचं असेल तर वेगळा व्हिडिओ करावा, त्याची सुरुवात खऱ्या माहितीनं करावी आणि खोटं वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवू नये.

भिंतीवरचं पोस्टर विरोधकाला दिसतं, पत्रकाराला दिसतं, खर्च तपासणाऱ्यालाही दिसतं. फीड, म्हणजे फोनवर एकामागून एक येणारी व्हिडिओंची रांग, मात्र ज्याची त्यालाच दिसते. रोमानियात याची किंमत मोजावी लागली. तिथे 24 नोव्हेंबर 2024 ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हे अपक्ष उमेदवार सुमारे 23 टक्के मतं घेऊन पहिले आले. प्रचाराचा खर्च त्यांनी शून्य दाखवला होता, आणि टिकटॉकवर तर पैसे देऊन राजकीय जाहिरात करायला 2019 पासूनच बंदी आहे. मग प्रचार झाला कसा? एका मोहिमेत इन्फ्लुएन्सर मंडळी कुणाचंही नाव न घेता 'चांगला अध्यक्ष कसा असावा' एवढंच सांगत होती. जॉर्जेस्कूंचं नाव यायचं खाली, कॉमेंटमध्ये. 6 डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं निवडणूकच रद्द केली. लाखो लोकांनी रांगेत उभं राहून दिलेली मतं वाया गेली. उपायसुद्धा किती महाग पडतो ते बघा.

शेवटचे दोन दिवस सगळ्यात नाजूक. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 ला मतदान होतं. त्याआधीच्या 48 तासांच्या प्रचारबंदीत प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का यांच्या आवाजातली, मतं विकत घेण्याबद्दलची बनावट ध्वनिफीत फिरली. तिच्यामुळे निकाल फिरला असं सिद्ध झालेलं नाही. पण बंदीच्या काळात माध्यमांवरही बंधनं होती, त्यामुळे खुलासा पोचवणं अवघड झालं. प्रचार थांबवण्याचा नियम सभा आणि भोंग्यांसाठी चांगला आहे. फोनमध्ये मात्र कालची रील आजही फिरतच असते.

क्लिप पुढे पाठवण्याआधी ज्या खात्यावरून ती आली त्याचे जुने व्हिडिओ बघा. काल-परवापर्यंत मेकअप किंवा क्रिकेट आणि आज अचानक एकाच उमेदवाराचा जयघोष असेल, तर खातं विकत घेतलेलं किंवा भाड्यानं घेतलेलं असू शकतं. कॉमेंट वाचा, शब्दन्‌शब्द सारखं वाक्य वेगवेगळ्या नावांनी दिसलं तर सावध व्हा. फीडमध्ये सगळीकडे एकच चेहरा दिसला म्हणजे त्याची लाट आली, असं धरून चालू नका. तुम्ही त्याची एक क्लिप पूर्ण पाहिली होती, एवढंच कारण पुरतं. आणि भाषणाचा तुकडा असेल तर मूळ भाषण शोधून त्या वाक्याच्या आधीचं एक मिनिट ऐका. बहुतेक वेळा कापलेला 'जर' तिथे सापडतो.